मानसशास्त्र शिकलेल्या माणसाला बेसबॉलचा पिचिंग कोच म्हणून करिअर करता येईल का?

तुम्ही लिहिलंय की कॉलेजच्या टीमकडून सॉफ्टबॉलचं पिचिंग केलंय, आता मानसशास्त्रात एमए चालू आहे आणि या दोन्हींचा मेळ घालून कुणी करिअर केलंय का ते हवंय. केलंय. टॉम हाउस यांनी. फक्त त्यांची सुरुवात पदवीपासून नव्हे, मैदानापासून झाली.

हाउस डावखुरे पिचर, म्हणजे फलंदाजाला चेंडू टाकणारे. 1971 ते 1978 या काळात मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल लीगमध्ये, अटलांटा, बॉस्टन आणि सिएटलकडून खेळले. वेग बेताचाच, म्हणजे डोकं चालवल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. (हँक आरन यांनी 8 एप्रिल 1974 रोजी बेब रूथचा विक्रम मोडणारा 715वा होमरन मारला, तो चेंडू बुलपेनमध्ये, म्हणजे पिचर्स सराव करतात त्या जागेत, झेलणारे हेच.) पुढे त्यांनी मानसशास्त्रात डॉक्टरेट मिळवली आणि 1985 ते 1992 टेक्सास रेंजर्सचे पिचिंग कोच राहिले.

तिथे ते पिचर्सना सरावात चक्क अमेरिकन फुटबॉल फेकायला लावायचे. खूप चेष्टा झाली. पण हात चुकीच्या मार्गाने आला की तो लांबुळका चेंडू हवेत डगमगतो. चूक कोचने सांगावी लागत नाही, फेकणाऱ्याला स्वतःलाच दिसते. बोलणी खावी लागत नाहीत, त्यामुळे तो चिडतही नाही. पिचर नोलन रायन बेचाळिशीत रेंजर्समध्ये आले आणि 1991 मध्ये, 44व्या वर्षी, कारकिर्दीतला सातवा नो-हिटर टाकला, म्हणजे अख्ख्या सामन्यात समोरच्या टीमला एकही हिट मिळू दिला नाही. हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत, निवड झाली तेव्हाच्या भाषणात रायन यांनी हाउस यांचा आवर्जून उल्लेख केला.

तुमच्या कामाचं खरं उदाहरण मात्र पिचर रँडी जॉन्सनचं आहे. उंची सहा फूट दहा इंच, वेग भन्नाट, दिशेचा पत्ता नाही. 1992 मध्ये त्याने 144 फलंदाजांना वॉक दिला, म्हणजे बाहेरचे चार चेंडू टाकून पहिला बेस फुकट. तो सिएटलचा, प्रतिस्पर्धी टीमचा. तरी त्याच वर्षी हाउस आणि रायन त्याच्याशी बोलले. मुद्दा एवढाच होता की पुढचा पाय टाचेवर पडतोय, त्यामुळे शरीर तिसऱ्या बेसकडे फेकलं जातंय; पाय चवड्यावर टाक. पुढच्या मोसमात वॉक 99 वर आले आणि स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद केलेले फलंदाज, 308 झाले. सगळं श्रेय त्या चवड्याला देणं चूक ठरेल. त्याच डिसेंबरात वडील गेल्यावर जॉन्सन खेळाकडे वेगळ्याच जिद्दीने पाहू लागला होता. पण गोंधळलेल्या पिचरला ‘आत्मविश्वास ठेव’ सांगून काय होणार? त्याला पायाचं काम दिलं की मनाला भटकायला जागा कमी उरते. आणि सांगणाऱ्यांत रायन होते, ज्यांच्या नावावर कारकिर्दीत 2,795 वॉकचा विक्रम आहे. हे दुखणं त्यांनी स्वतः भोगलेलं, त्यामुळे ऐकणं सोपं गेलं असणार.

नियमही लक्षात घ्या. मेजर लीगमध्ये कोचला माउंडवर, म्हणजे पिचर उभा राहतो त्या उंचवट्यावर, जाऊन बोलायला 30 सेकंद मिळतात, आणि त्याच इनिंगमध्ये त्याच पिचरकडे दुसऱ्यांदा गेलं तर त्याला बदलावंच लागतं. तेवढ्यात समुपदेशन होत नाही. एखादं वाक्य, तेही त्या पोराला आधीपासून ओळखीचं. म्हणजे खरं काम बुलपेनमध्ये, सामना नसताना.

हाउस यांचा एक भारतीय धागाही आहे. उत्तर प्रदेशातले भालाफेकपटू रिंकू सिंग आणि दिनेश पटेल यांना 2008 मध्ये सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात त्यांनीच पिचिंग शिकवलं. दोघांशी पिट्सबर्ग पायरेट्सने करार केला; मेजर लीगपर्यंत कुणी पोचलं नाही. हाउस काही संत नव्हेत. खेळायच्या दिवसांत स्टेरॉइड घेतल्याचं त्यांनी 2005 मध्ये उघड कबूल केलं. उतारवयात त्यांच्याकडे ड्रू ब्रीझ, टॉम ब्रेडीसारखे अमेरिकन फुटबॉलमधले क्वार्टरबॅक येत राहिले, म्हणजे फुटबॉल फेकणारेच.

तुम्ही एमए पूर्ण कराच, पण सोबत बायोमेकॅनिक्स शिका आणि जिल्ह्याच्या सॉफ्टबॉल-बेसबॉल टीमला सरावात विनामोबदला मदत सुरू करा. अमेरिकी क्लबांत मानसिक तयारीसाठी वेगळा माणूस ठेवतात, ती वाटही आहे. इथे मात्र निव्वळ बेसबॉलवर पोट भरेल असं मला वाटत नाही. फेकणाऱ्यांची अडचण सगळीकडे सारखीच असते, तेव्हा क्रिकेटच्या वेगवान गोलंदाजांकडेही जा. तिथे निदान फी मिळते.