मंदीत वृद्धशुश्रूषेच्या नोकऱ्या टिकतात का?

प्रश्न : माझी मुलगी जीवशास्त्र घेऊन बारावी झाली असून नर्सिंग करून पुढे वृद्धांच्या सेवेतच राहायचे म्हणते. मुंबईत माझ्या दिरांचा धंदा बसला, तेव्हा सासूबाईंसाठी ब्युरोकडून (घरी परिचारिका पुरवणाऱ्या संस्थेकडून) ठेवलेली सिस्टर सर्वांत आधी बंद झाली. मंदीत अशीच गत होणार असेल, तर कर्ज काढून तिला या शिक्षणाला घालावे का?
– एक पालक, राजापूर तालुका

सप्रेम नमस्कार.

आपल्या दिरांच्या घरी जे घडले, त्यातच निम्मे उत्तर आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची गरज मंदीत कमी होत नाही. आटतो तो त्यासाठी पैसे मोजणाऱ्याचा खिसा. म्हणून ही सेवा कोणाच्या पैशावर चालते, हे आधी पाहावे. जर्मनीत 1995 पासून आणि जपानमध्ये 2000 पासून दीर्घकालीन शुश्रूषेसाठी सक्तीचा विमा आहे, त्यामुळे तिथे मंदीचा फटका थेट बसत नाही. अमेरिकेत 2008 च्या मंदीत वेगळेच घडले : घरातल्यांच्या नोकऱ्या धोक्यात आल्याने अनुभवी परिचारिका कामावर परतल्या, काहींनी निवृत्ती लांबवली आणि नव्याने उत्तीर्ण झालेल्या मुलींना रुग्णालयांत जागा मिळेना. एरवी माणसे न टिकणाऱ्या वृद्धांच्या शुश्रूषागृहांना मात्र मंदीत कर्मचारी मिळू लागतात, कारण हातची नोकरी कोणी सोडत नाही. थोडक्यात, काम असते, पण पगारासाठी घासाघीस करण्याची ताकद उरत नाही.

आपल्याकडे हा खर्च बहुतांशी कुटुंबाच्या खिशातूनच होतो. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या 2001 ते 2011 या काळात घटली. मुले मुंबईला आणि म्हातारी माणसे वाडीवर, हे चित्र आपल्याला नवे नाही. चाकरमान्याचा ओव्हरटाइम बंद झाला की त्याची झळ इथल्या घराला लगेच लागते. मग काटकसर ठरलेल्या क्रमाने होते : 24 तासांची ड्युटी 12 तासांवर येते आणि नंतर सिस्टरच्या जागी मावशी, म्हणजे नर्सिंग न शिकलेली मदतनीस, येते. भरवणे, अंग पुसणे, दर दोन तासांनी कूस बदलणे हे मावशी निगुतीने करते; पण कॅथेटर (लघवीची नळी) बदलायचा असेल, नाकातली नळी पुन्हा घालायची असेल किंवा खोल गेलेल्या बेडसोअरचे (पडून राहून झालेल्या जखमेचे) ड्रेसिंग असेल, तर सिस्टरला बोलवावेच लागते. पूर्णवेळ ड्युटीच हवी म्हणणारी मुलगी अशा वेळी घरी बसते, तर व्हिजिटवर चार वाड्या फिरणारीचे काम चालू राहते, हे माझे स्पष्ट मत आहे.

म्हणूनच मुलीने दोन वर्षांच्या एएनएमवर (सहायक परिचारिका-प्रसाविका) न थांबता तीन वर्षांचे जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी) किंवा चार वर्षांचे बी.एस्सी. नर्सिंग करावे, महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी करावी आणि पहिली दोन वर्षे तरी मोठ्या रुग्णालयाच्या वॉर्डात काढावीत. त्यामुळे सरकारी भरतीचा मार्गही मोकळा राहतो. 4 मे 2020 रोजी राज्य शासनाने नवी नोकरभरती थांबवली, तेव्हा सार्वजनिक आरोग्य आणि वैद्यकीय शिक्षण हे दोन विभाग त्यातून वगळले होते.

आता कर्जाचे. आजची मंदी मुलीच्या वाट्याला येईलच असे नाही, कारण ती बाहेर पडेल तीन-चार वर्षांनी. हप्ता मात्र नक्की येईल. 50 पेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयांतही परिचारिकेला दरमहा किमान 20 हजार रुपये मिळावेत, अशी शिफारस केंद्राच्या समितीने 2016 मध्ये केली होती, पण छोट्या रुग्णालयांत सुरुवातीला तेवढे हातात पडतील असे गृहीत धरू नये. त्याहून कमी पगारातून राहण्या-जेवणाचा खर्च वजा जाता जो हप्ता झेपेल, तेवढेच कर्ज काढावे. शासकीय जागेसाठी जिल्ह्याबाहेर जावे लागले, तरी जाऊ द्यावे.

परदेशाच्या भरवशावर मात्र कर्जाचे गणित मांडू नये. ब्रिटनने 2022 मध्ये केअर वर्करसाठी (वृद्ध-आजाऱ्यांची देखभाल करणाऱ्या मदतनिसांसाठी) व्हिसा खुला केला आणि जुलै 2025 मध्ये परदेशातून होणारी ती भरती बंदही केली. नोंदणीकृत परिचारिकेचा मार्ग त्याहून वेगळा आहे; तेव्हा ‘सहा महिन्यांत केअरगिव्हर, थेट परदेशात’ अशी जाहिरात दाखवणाऱ्या एजंटला आगाऊ रक्कम देऊ नये. जर्मनीचा विचार असेल, तर भाषेचे वर्ग दुसऱ्या वर्षापासूनच सुरू करावेत, कारण शेवटच्या वर्षी वॉर्डातल्या ड्युट्यांमुळे त्याला वेळ मिळत नाही.