गोव्याहून पोर्तुगाल, स्वित्झर्लंड आणि लंडनला जाताना मोबाइल डेटासाठी काय घ्यावे?

आपण घरचे चौघे सप्टेंबरात पंधरा दिवसांसाठी लिस्बन, ल्युसर्न आणि लंडन असा प्रवास करणार आहात आणि भारतीय कंपनीचा रोमिंग पॅक, ई-सिम (म्हणजे कार्ड न घालता क्यूआर कोडने फोनमध्ये बसवायचे सिम) की तिथे उतरून घेतलेले स्थानिक सिम यांपैकी स्वस्त काय पडेल, असे आपण विचारले आहे. ‘लिस्बनला एक सिम घेतले की ते सगळ्या युरोपात चालते’ असे कोणीतरी सांगितल्याचेही आपण लिहिले आहे. हेच वाक्य मी मे २०२३ मध्ये माझ्या साडूंच्या तोंडून ऐकले होते आणि ते मला अकरा हजार चारशे रुपयांना पडले, म्हणून हे उत्तर लिहायला बसलो आहे.

आम्ही फोंड्याहून पाच जण निघालो होतो: मी, माझी पत्नी, मेहुणी, साडू आणि सासूबाई, ज्यांचे वय तेव्हा ७८ होते. साडूंची आखातात दोन-तीन वेळा ये-जा झालेली असल्यामुळे परदेशाच्या बाबतीत अंतिम शब्द त्यांचा, हे घरात ठरूनच गेलेले आहे. लिस्बनच्या विमानतळावर त्यांनी असा निर्णय दिला की पाच सिमे घेणे हा निव्वळ मूर्खपणा असून एकच प्रीपेड सिम घ्यावे, ते माझ्या फोनमध्ये घालावे आणि बाकीच्यांनी माझ्या हॉटस्पॉटवर काम भागवावे. माझ्या फोनमध्ये दोन सिमे चालतात. त्यातले भारतीय पोस्टपेड सिम बँकेच्या ओटीपीसाठी जागेवरच राहिले. त्यावर आंतरराष्ट्रीय रोमिंग मी निघण्यापूर्वी सुरू करून घेतले होते, मात्र डेटाचा पॅक घेतला नव्हता. फोनमधील सर्व सेटिंग साडूंनी स्वतःच्या हाताने केली, आणि ही बाब पुढे महत्त्वाची ठरणार आहे. पोर्तुगालमध्ये पाच दिवस ते सिम उत्तम चालले, हे मी प्रामाणिकपणे मान्य करतो.

सहाव्या दिवशी आम्ही विमानाने स्वित्झर्लंडमधल्या बाझलला गेलो. बाझलचा विमानतळ प्रत्यक्षात फ्रान्सच्या भूमीवर आहे आणि त्याला एक दार फ्रान्सच्या बाजूचे व एक स्वित्झर्लंडच्या बाजूचे आहे, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. विमानातून उतरताच माझ्या फोनने फ्रेंच नेटवर्क धरले, डेटा चालू झाला आणि ‘पाहिलेस? युरोप म्हणजे एकच देश’ असे साडूंनी, माझ्याकडे न पाहता, मेहुणीला सांगितले. आम्ही स्विस बाजूने बाहेर पडून ५० क्रमांकाची बस धरली, जी पंधरा-वीस मिनिटांत बाझलच्या मुख्य रेल्वे स्थानकावर नेऊन सोडते. बस सीमा ओलांडून थोडी पुढे जाते न जाते तोच फोन वाजला आणि पोर्तुगीज भाषेतला एक लांबलचक संदेश आला.

आमच्यापैकी पोर्तुगीज वाचता येणाऱ्या सासूबाई एकट्याच. मडगावात गोवा मुक्तीपूर्वी त्यांचा ‘सेगुंद ग्राव’, म्हणजे पोर्तुगीज शाळेतली प्राथमिक परीक्षा, झालेला होता, आणि लिस्बनमध्ये दुकानांच्या पाट्या वाचताना साठ वर्षांनी त्यांना झालेला आनंद आम्ही पाच दिवस पाहत होतो. त्यांनी फोन मागून घेतला, हातभर लांब धरला आणि शाळकरी मुलीसारखे एकेक अक्षर लावीत ‘बें-व्हिंदु आ सुइसा’ इथपर्यंत वाचले. साडू म्हणाले, ‘आई, ते स्वागताचे असते, सोडा.’ त्यांनी सोडले नाही. पुढच्या ओळीतल्या ‘फोरा’ या शब्दावर बोट ठेवून त्या म्हणाल्या, ‘फोरा म्हणजे बाहेर. हे कशाच्या तरी बाहेर आहे हो, पैसे वेगळे पडतील म्हणतात.’ साडूंनी हसून फोन त्यांच्या हातातून घेतला आणि माझ्याकडे परत दिला. मीही तो खिशात टाकला, आणि या प्रकरणात माझी म्हणून जी चूक आहे ती एवढीच.

पुढे जे झाले ते मला गोव्यात परतल्यावर, बिल हाती आल्यानंतर समजले. पोर्तुगीज सिममधील शिल्लक ल्युसर्नची गाडी सुटण्यापूर्वीच संपली होती. डेटा तिथेच बंद पडला असता तर आम्ही स्थानकावर दुसरे सिम घेतले असते आणि विषय मिटला असता. परंतु एका सिमवर इंटरनेट मिळेनासे झाले की फोनने आपोआप दुसऱ्या सिमच्या डेटाकडे वळावे, अशी जी सोय दोन सिमांच्या फोनमध्ये असते ती साडूंनी ‘असू दे, उपयोगी पडते’ म्हणून चालू ठेवली होती, आणि भारतीय सिमवरचे डेटा रोमिंगही बंद केले नव्हते. त्यामुळे फोन कुरकुर न करता माझ्या पोस्टपेड सिमवर, पॅकविना, सुट्या दराने डेटा ओढू लागला. नकाशा चालत होता, व्हॉट्सअॅप चालत होते, खिडकीतून हिरवी कुरणे दिसत होती. संशय येण्याचे कारणच नव्हते. पतमर्यादा संपल्यामुळे कंपनीने सेवा थांबवली म्हणून आकडा अकरा हजार चारशेवर राहिला.

आता ‘सगळ्या युरोपात चालते’ या वाक्यात खोट कुठे आहे ते सांगतो. रोमिंगसाठी जादा पैसे न घेण्याचा नियम युरोपीय संघाचा आहे, युरोप खंडाचा नव्हे. तो १५ जून २०१७ पासून लागू झाला आणि २०२२ मध्ये त्याची मुदत २०३२ पर्यंत वाढवण्यात आली. लिस्बनचे सिम घेऊन आपण माद्रिदमध्ये डेटा वापरला की माद्रिदची कंपनी लिस्बनच्या कंपनीकडून त्याचे घाऊक पैसे घेते, आणि त्या घाऊक दरावरच संघाने मर्यादा घातली आहे: २०२२ साली गिगाबाइटमागे २ युरो, जी टप्प्याटप्प्याने उतरत २०२७ मध्ये १ युरोवर यायची आहे. स्विस कंपन्यांवर हे बंधन नाही, कारण स्वित्झर्लंड संघाचा सदस्य नाही. नॉर्वे, आइसलँड आणि लिक्टेनस्टाइन हेही सदस्य नाहीत, तरी युरोपीय आर्थिक क्षेत्रात असल्यामुळे त्यांना हा नियम लागू होतो. स्वित्झर्लंड त्या क्षेत्रातही नाही. लोकांची फसगत व्हिसामुळे होते. स्वित्झर्लंड २००८ पासून शेंगेन या सामायिक व्हिसाच्या गटामध्ये असल्यामुळे एकाच व्हिसावर आपण तिथे जातो, सीमेवर पासपोर्टही कोणी पाहत नाही, आणि मग व्हिसा चालला म्हणजे सिमही चालेल असा समज होतो. ब्रिटन तर शेंगेनमध्ये कधीच नव्हता आणि ब्रेक्झिटनंतर या रोमिंगच्या नियमातूनही बाहेर पडला आहे. थोडक्यात, आपल्या तीन मुक्कामांपैकी दोन या नियमाच्या ‘फोरा’ आहेत.

साडूंचे म्हणणे मात्र आजही वेगळे आहे. दर चतुर्थीला, गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधून झाल्यावर आणि आरतीला अवकाश असताना, ते पाहुण्यांसमोर सांगतात की मी गाडीत यूट्यूबवर नाट्यगीते ऐकत बसलो होतो आणि त्याचे बिल आले. फोन कोणत्या अॅपने किती डेटा वापरला याची नोंद ठेवतो आणि हॉटस्पॉटवरून इतरांनी वापरलेला डेटा त्यात वेगळा दाखवतो, हे त्यांना माहीत नसावे. त्या दिवसाच्या माझ्या नोंदीत यूट्यूबसमोर शून्य आहे आणि हॉटस्पॉटसमोर २८४ एमबी. हा डेटा कोणी खाल्ला असेल हे सांगायला ज्योतिषी नको. हॉटस्पॉटला जोडलेला फोन त्या जोडणीला वाय-फायच समजतो, आणि ‘फोटोंचा बॅकअप फक्त वाय-फायवर’ असे ठरवून ठेवलेला फोन अशी जोडणी मिळताच कामाला लागतो. पाच दिवसांत लिस्बनच्या प्रत्येक ट्रामचे, प्रत्येक टाइलचे आणि सिंत्राच्या राजवाड्याच्या प्रत्येक खिडकीचे फोटो आमच्यापैकी कोणी काढले होते, हे मेहुणीलाही चांगले ठाऊक आहे.

आता आपल्या प्रश्नाकडे वळतो. माझे स्पष्ट मत असे आहे की आपण ई-सिम घ्यावे आणि ते विकत घेताना नुसता ‘युरोप’ हा शब्द न पाहता देशांची यादी उघडून तीत स्वित्झर्लंड आणि ब्रिटन ही दोन्ही नावे डोळ्यांनी वाचावीत. ई-सिम घरच्या वाय-फायवर बसवावे. मोपा विमानतळाच्या रांगेत उभे राहून हे उद्योग करू नयेत, कारण त्याचा क्यूआर कोड बहुधा एकदाच चालतो आणि गडबडीत पुसले गेले तर विक्रेत्याच्या विनवण्या कराव्या लागतात. भारतीय सिम ओटीपीसाठी फोनमध्येच ठेवावे, मात्र त्याचे डेटा रोमिंग बंद आणि ई-सिमचे डेटा रोमिंग चालू असावे. हे उलटे वाटते, परंतु प्रवासी ई-सिम हे बहुतेक वेळा स्वतःच दुसऱ्या देशातून रोमिंगवर आलेले असते आणि रोमिंग बंद ठेवले तर ते मुकाट बसून राहते. दोन सिमांमध्ये आपोआप उडी मारण्याची सोय प्रत्येक फोनमध्ये बंद करावी, आणि ती फोनच्या मालकाने स्वतः बंद करावी, दुसऱ्या कोणाच्या अनुभवावर विसंबू नये. व्हॉट्सअॅप नव्या क्रमांकाविषयी विचारील, तेव्हा जुनाच ठेवावा. चौघांत एक सिम ही कल्पना डोक्यातून काढून टाकावी. चुकामूक झाली की हॉटस्पॉटवाला एकीकडे आणि बाकीचे तिघे दुसरीकडे, असे होते. लिस्बनमध्ये आम्ही सासूबाईंना अर्धा तास शोधत होतो आणि त्या एका बेकरीत बसून मालकिणीशी पोर्तुगीजमधून गप्पा मारीत होत्या.

दोन-तीन गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या, त्या आता सांगतो. ई-सिम जुन्या फोनमध्ये चालत नाही. *#०६# दाबल्यावर ईआयडी नावाचा लांब क्रमांक दिसला तर चालते. काही स्थानिक सिमांच्या योजनांत कंपन्या आपण होऊन स्वित्झर्लंड आणि ब्रिटन यांचा समावेश करतात, तेव्हा तशी योजना मिळाल्यास साडूंचे वाक्य तेवढ्यापुरते खरे ठरेल. बरोबर वृद्ध मंडळी असतील आणि त्यांचे जुने फोन असतील, तर त्यांच्यासाठी भारतीय कंपनीचा पॅकच बरा, महाग पडला तरी. मात्र त्यातला ‘एक दिवस’ सुरू केल्यापासून चोवीस तासांचा की भारतीय तारखेचा हे विचारून घ्यावे, कारण सप्टेंबरात भारतातली मध्यरात्र लिस्बनमध्ये संध्याकाळी साडेसातलाच होते. विमानात फोन एअरप्लेन मोडवरच ठेवावा. काही विमानांना स्वतःचे मोबाइल नेटवर्क असते आणि देशांसाठी घेतलेला पॅक तिथे चालेलच असे नाही.

आणि हॉटस्पॉट द्यायची वेळ आलीच, तर ज्याला द्याल त्याच्या फोनमध्ये त्या जोडणीला ‘मीटर्ड’ किंवा ‘लो डेटा’ अशी खूण आधी करून घ्यावी, म्हणजे बॅकअप थांबतो. साडू पुढच्या महिन्यात लंडनला निघाले आहेत; त्यांच्या फोनमध्ये ही खूण कशी करायची ते परवा मी त्यांना दाखवले, आणि बॅकअपच्या यादीत सर्वांत वर २०२३ ची ट्राम होती.