97 विरुद्ध 205: पियास्ट्रीचा पहिला हंगाम कसा मोजावा?

फॉर्म्युला वन मोटार शर्यतींच्या 2023 च्या हंगामात मॅक्लारेन संघाच्या लँडो नॉरिसने 205 गुण मिळवले आणि त्याच संघातून पदार्पण करणाऱ्या ऑस्कर पियास्ट्रीने 97. मग पियास्ट्री निम्म्याच कुवतीचा म्हणायचा का, असे आपण विचारले आहे. माझे उत्तर ठाम नकारार्थी आहे. फॉर्म्युला वनमध्ये दुसऱ्या क्रमांकाला 18 गुण, चौथ्याला 12 आणि आठव्याला अवघे 4 गुण मिळतात, त्यामुळे वेगातला लहानसा फरकही गुणतक्त्यात फार मोठा दिसतो.

आधी दोघांच्या गाड्या खरोखर सारख्या होत्या का, हे पाहावे. ऑस्ट्रियात मॅक्लारेनचे नवे भाग फक्त नॉरिसच्या गाडीला मिळाले होते. तो चौथा आला आणि पियास्ट्री सोळावा. पुढच्याच आठवड्यात ब्रिटनमधल्या सिल्व्हरस्टोनला त्यांपैकी बहुतेक भाग पियास्ट्रीलाही मिळाले, तेव्हा शर्यतीत कोण कुठून सुटणार हे ठरवणाऱ्या पात्रता फेरीत तो नॉरिसच्या लगोलग मागे, तिसरा होता. शर्यतीत त्याने टायर बदलून घेतल्यानंतर सगळ्या गाड्यांचा वेग उतरवणारी सेफ्टी कार आली आणि तोवर टायर बदलायला पिटमध्ये न गेलेल्या मर्सिडीजच्या लुईस हॅमिल्टनला कमी वेळ गमावून टायर बदलण्याचा आयता फायदा मिळाला. पियास्ट्री चौथा राहिला, पण त्याचे मोजमाप करताना या चौथ्या क्रमांकाला मी फारसे महत्त्व देत नाही.

नवख्याची खरी कमतरता मला जपानमधल्या सुझुकाला दिसली. पात्रता फेरीत तो दुसरा, नॉरिस तिसरा. म्हणजे एका लॅपच्या, म्हणजे ट्रॅकच्या एका फेरीच्या, वेगात तो कुठेही उणा नव्हता. शर्यतीच्या साधारण मध्यावर मात्र नॉरिस त्याच्या पुढे गेला आणि शेवटी दोघांत सुमारे 17 सेकंदांचे अंतर होते. हे अंतर सगळ्या 53 लॅपांवर विभागले तर किरकोळ वाटते, पण ते जवळजवळ सगळे उत्तरार्धात पडले, म्हणजे लॅपमागे अर्ध्या सेकंदाहून अधिक. सुझुकाचा ट्रॅक टायर झिजवणारा आहे, आणि झिजत चाललेला टायर किती जपायचा व कधी ताणायचा, हे प्रत्यक्ष शर्यतीतच शिकावे लागते. सिम्युलेटरवर ते पुरेसे उमगत नाही, आणि हंगाम चालू असताना चालू वर्षाच्या गाडीवर सराव करण्यास जवळजवळ बंदीच असते. शिवाय 2021 मध्ये फॉर्म्युला वनच्या खालच्या फॉर्म्युला टू मालिकेचे विजेतेपद मिळवल्यावर पियास्ट्रीने 2022 चे अख्खे वर्ष राखीव चालक म्हणून, एकही शर्यत न करता काढले होते.

हॅमिल्टनने 2007 मध्ये पदार्पणातच दोन वेळच्या विश्वविजेत्या अलोन्सोइतकेच, म्हणजे 109 गुण मिळवले होते, हा दाखला नेहमी दिला जातो. ती कामगिरी थोरच होती. पण अलोन्सोही त्या वर्षी मॅक्लारेनमध्ये आणि ब्रिजस्टोन टायरवर नवा होता, शिवाय तेव्हा हंगामभर चाचण्या करता येत होत्या. नॉरिस मात्र 2019 पासून याच संघात मुरलेला होता.

म्हणून नवख्या चालकाबाबत मी दोन प्रश्न विचारतो: एका लॅपमध्ये तो सहकाऱ्याच्या किती जवळ आहे, आणि लांब पल्ल्यातली तूट दुसऱ्या वर्षी कमी होते का? दुसऱ्याच वर्षी, 2024 मध्ये, अझरबैजानमधल्या बाकूला पियास्ट्रीने विसाव्या लॅपला फेरारीच्या शार्ल लक्लेरला मागे टाकले आणि त्याच कडक टायरवर, मागून सतत दबाव असताना, पुढच्या तीसेक लॅप आघाडी राखून शर्यत जिंकली. टायर आधी संपले ते लक्लेरचे.