नोंद माहेरी, शोध सासरी

प्रश्न : माझी मुलगी ९ नोव्हेंबर २०२३ रोजी माझ्या माहेरी, बार्शीला, एका खासगी हॉस्पिटलात झाली. आम्ही राहतो पुण्यात. मिस्टरांना दुबईत नोकरी लागली आहे आणि आम्हा दोघींनाही तिकडे जायचंय. पासपोर्टसाठी जन्मदाखला काढायला गेलो तर पुण्यात नोंदच नाही म्हणाले. हॉस्पिटलने दिलेलं पावलांच्या ठशांचं कार्ड आणि तिचं आधार कार्ड आहे. एजंट म्हणतो, प्रतिज्ञापत्रावर भागेल, नाहीतर पुण्यातच नवी नोंद करून देतो. काय करू? (एक आई, पुणे)

उत्तर : ताई, एजंटला आधी नाही म्हणून सांगा. १ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी पासपोर्टला जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्मदाखलाच चालतो. तसा नियम २०२५ च्या फेब्रुवारीत झाला. तुमची लेक त्या तारखेनंतर सव्वा महिन्याने झाली, त्यामुळे आधार किंवा प्रतिज्ञापत्र चालणार नाही. ठशांचं कार्ड जपून ठेवा, पण तो दाखला नव्हे.

आता धीर देणारी गोष्ट. जन्माची नोंद बाळ जिथे जन्मतं तिथे होते, आईवडील राहतात तिथे नाही. ती पुण्यात सापडणारच नाही. हॉस्पिटलातला जन्म कळवायची जबाबदारी हॉस्पिटलची असते, म्हणजे बहुतेक ती बार्शी नगरपरिषदेत झालेली असणार. पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळे हा घोळ मी नगरपरिषदेच्या जन्म-मृत्यू विभागात नोकरीभर पाहिला. एक आजोबा नातवाची नोंद शोधायला तीनदा आले. सुनेचं नाव सांगायचे, आम्ही पानं उलटायचो, सापडेना. चौथ्यांदा मी नाव सोडलं आणि नुसती तारीख धरून रजिस्टरवर बोट फिरवत गेले. नोंद होती! आईच्या नावापुढे माहेरचं आडनाव, कारण केसपेपर त्याच नावाने निघाला होता. आणि बाळाच्या नावाचा रकाना कोरा. आजोबांनी त्या कोऱ्या रकान्यावर हात ठेवला आणि कितीतरी वेळ उचललाच नाही.

म्हणून बार्शीला डिस्चार्ज कार्ड घेऊन जा. शोध तारखेवरून घ्यायला सांगा आणि तुमची दोन्ही आडनावं द्या. नाव घातलेलं नसेल तर वर्ष उलटल्यामुळे विलंब शुल्क भरून ते घालता येतं. त्याला पंधरा वर्षांपर्यंत मुदत असते. इंग्रजी स्पेलिंग आईवडिलांच्या पासपोर्टशी अक्षर न् अक्षर जुळवून द्या. एकदा लागलेलं नाव बदलणं फार जड जातं. तुमचं आडनाव माहेरचं लागलेलं असेल तर विवाह नोंदणी दाखला जोडून तिथेच दुरुस्ती मागा.

पुण्यात नवी नोंद मात्र अजिबात करू नका. ती खोटी नोंद ठरेल. एका मुलीचे दोन गावचे दोन दाखले झाले की पुढे तिलाच त्रास.

आणि बार्शीतही खरंच नोंद नसेल तर? मग नोंद आढळत नसल्याचा दाखला तिथून लेखी घ्या. वर्षानंतरच्या नोंदीला जिल्हाधिकारी, प्रांत किंवा त्यांनी नेमलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. महाराष्ट्रात २०२५ च्या मार्चपासून ही तपासणी कडक झाली आहे, तेव्हा वेळ हाताशी ठेवा आणि दुबईची तिकिटं आत्ताच काढू नका. हॉस्पिटलच्या प्रसूती रजिस्टरातली तुमची नोंद इथे सगळ्यात मोलाची. तिची सही-शिक्क्याची नक्कल मागून घ्या.

दाखला हाती आला की पुढचं सोपं आहे. अर्जासोबत तुम्हा दोघांच्या सह्यांचं परिशिष्ट ‘ड’ (आईवडिलांचं संमतीचं घोषणापत्र), शुल्क १,००० रुपये आणि आठ वर्षांखालच्या मुलांना त्यात दहा टक्के सवलत. पासपोर्ट पाच वर्षांचा मिळतो. मिस्टर आधी जाणार असतील तर त्यांची सही निघण्यापूर्वीच घेऊन ठेवा.