अमेरिकेतलं सॅन डिएगो शहर हवामानाने खरंच वाळवंट आहे का?

नाही, अर्धशुष्क आहे. '250 मिमीपेक्षा कमी पाऊस म्हणजे वाळवंट' हा ढोबळ नियम इथे फसवतो, कारण शहराचा वार्षिक पाऊस नेमका तेवढाच, सुमारे 250 मिमी. कोपेन पद्धतीत (हवामानाचे प्रकार ठरवण्याची एक पद्धत) तापमानही धरतात. पाऊस मुख्यतः हिवाळ्यात पडत असेल तर कोरड्या हवामानाची मर्यादा सरासरी तापमान गुणिले 20, म्हणजे इथे 18 × 20 = 360 मिमी. याच्या निम्म्याहून, म्हणजे 180 हून कमी पाऊस असेल तरच वाळवंट.

उन्हाळी पावसाला मात्र तापमान गुणिले 20 मध्ये आणखी 280 मिळवायचे, कारण उन्हात बाष्पीभवन जास्त. म्हणून कराचीची (सरासरी 26 अंश) वाळवंटाची मर्यादा 26 × 20 + 280 = 800 च्या निम्मी, म्हणजे 400 मिमी होते. तिथला पाऊस जेमतेम 200 च्या आसपास, त्यामुळे कराची, समुद्रकाठची दमट हवा असूनही, सरळसरळ वाळवंट! आर्द्रता या गणितात येतच नाही.