रात्रीचा लाव्हा बघायचाय, सोबत दम्याचा पेशंट आणि लहान नात

प्रश्न : ताई, आम्ही दोघं मुलीकडे सॅन होजेला चाललोय, तिथून सगळे मिळून हवाईला जायचं ठरतंय. बिग आयलंडवरचा किलाउएआ ज्वालामुखी रात्री दाखवायचा असं जावईबापूंच्या फार मनात आहे. हॉटेल कोनाला, त्यातली एक संध्याकाळ ज्वालामुखीला असा प्लॅन आहे. यांना दमा आहे, नात सहा वर्षांची. झेपेल का? लाव्हा दिसेलच ना? की त्यापेक्षा आपलं अंदमानचं ज्वालामुखीचं बॅरन बेट बरं?
— एक वाचक, पुणे

उत्तर : झेपेल, नक्की जा. पण ती "एक संध्याकाळ" मला अजिबात पटलेली नाही, तेवढी बदला.

कारण सांगते. 23 डिसेंबर 2024 ला तिथे हालेमाउमाउ विवरात जो उद्रेक सुरू झाला तो सलग नाही, हप्त्याहप्त्याने चाललाय. लाव्ह्याचं कारंजं उसळतं, काही वेळा तर 300 मीटरच्या वर, म्हणजे कुतुबमिनारच्या चौपट, काही तास चालतं आणि एकदम बंद, मग कित्येक दिवस, कधी दोन-तीन आठवडेसुद्धा काही नाही. शिखराखाली मॅग्मा (जमिनीखालचा वितळलेला खडक) भरत जातो तशी जमीन किंचित फुगते, कारंजं उडालं की खाली बसते, आणि हा बारीकसा कल यंत्रांवर बघून तिथल्या ज्वालामुखी वेधशाळेचे लोक पुढचा हप्ता साधारण कधी येईल ते सांगतात. त्यांचे वेबकॅम पण आहेत, निघायच्या आधी घरबसल्या बघा. त्यामुळे दिसेलच अशी खात्री मी देणार नाही, पण कारंजं नसलं तरी पुष्कळदा अंधारात मुखाची लाल झळाळी दिसते आणि मला विचाराल तर तेवढ्यासाठीही जावं. दिवसा विवराचा तळ नुसता काळा आणि वर पांढरा धूर, त्याच तळावर ताजा लाव्हा असला तर रात्री सायीसारख्या धरलेल्या काळ्या थराला भेगा पडून आतला लाल-केशरी रस दिसायला लागतो, नजर हलत नाही.

आता कोना. तिथून ज्वालामुखीचं नॅशनल पार्क दीडशे किलोमीटरच्या वर आहे, एका बाजूला दोन-अडीच तास, अंधारात परत यायचं आणि मागे पेंगलेली नात! त्यापेक्षा दोन-तीन रात्री हिलोला (पाऊण तास) किंवा पार्कला लागून व्होल्कॅनो गाव आहे तिथे काढा. पार्क चोवीस तास उघडं असतं, पहाटे तीन-चारला उठून गेलात तर गर्दीही कमी. उएकाहुना पॉइंटला गाडी जवळ लागते, तुमच्या यजमानांसाठी तो बरा. केआनाकाकोई या दुसऱ्या पॉइंटला जायला दीडेक किलोमीटर चालावं लागतं आणि तेवढंच परत.

दम्याचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. ज्वालामुखीतून सल्फर डायऑक्साइड निघतो, श्वासाचा त्रास असणाऱ्यांना तो लगेच बाधतो. एरवी वारा ईशान्येकडून असतो आणि धूर नैर्ऋत्येला जातो, पण वारा पडला किंवा फिरला की तो पॉइंटवर येतो, म्हणून त्या दिवशीची हवेची माहिती बघूनच निघा, डॉक्टरांना आधी विचारा, इनहेलर गाडीत नको, खिशातच हवा. घसा धरला की लगेच निघायचं, अजून पाच मिनिटं थांबू वगैरे नाही. कारंजं चालू असताना केसासारखे बारीक काचतंतू वाऱ्यावर उडत येतात, डोळे चोळू नका, फुल बाह्या आणि चष्मा असू द्या. आणि हवाई म्हणून पातळ कपडे नेऊ नका, पार्क 1,200 मीटर उंचीवर आहे, रात्री पाऊस-वारा असतो, स्वेटर आणि रेनकोट दोन्ही लागतात.

नातीचा हात सोडायचा नाही, एक क्षणही नाही. 2024 च्या नाताळच्या रात्री तिथे एक लहान मूल घरच्यांपासून सुटून थेट 400 फुटी कड्याकडे पळालं, आईने अगदी टोकावर पकडलं, पार्कने स्वतःच ही घटना जाहीर केली होती. बंद केलेल्या भागाच्या पट्टीपलीकडे फोटोसाठीसुद्धा जाऊ नका. दुसऱ्या दिवशी उजेडात तिला थिजलेला लाव्हा जवळून दाखवा, दोरखंडासारखे पीळ पडलेला, आणि सांगा की आपला सह्याद्री सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी असल्याच लाव्ह्याचे थर साचून झालाय. पण दगड उचलून आणू देऊ नका, कायद्याने बंदी आहे आणि तिथल्या लोकांसाठी हे विवर म्हणजे ज्वालामुखीची देवी पेले हिचं घर आहे.

बॅरन बेटावर उतरायला परवानगी नसते, बोटीतूनच लांबून बघायचं, शिवाय ते श्री विजयपुरमपासून (आधीचं पोर्ट ब्लेअर) जवळपास 140 किलोमीटर भर समुद्रात. दमा आणि लहान मूल सोबत असताना मी हवाईच म्हणेन.