डीएनए दुरुस्त करणारी एन्झाइम वाढवली तर मेंदूचं म्हातारपण लांबणीवर पडेल का?

नुसतं एक एन्झाइम वाढवून पडणार नाही. उलट, चुकीचं वाढवलं तर न्यूरॉन, म्हणजे मेंदूतल्या चेतापेशी, मरतात.

वजनाने मेंदू शरीराच्या २ टक्केच, पण ऑक्सिजन सुमारे २० टक्के वापरतो. त्यातून तयार होणारे ऑक्सिडंट (ऑक्सिजनचे उपद्रवी रेणू) डीएनएमधल्या ग्वानिन या बेसचं, म्हणजे डीएनएच्या एका अक्षराचं, ८-ऑक्सोग्वानिन हे बिघडलेलं रूप करतात. न्यूरॉन विभाजित होत नाही. जन्माचा डीएनए त्याला मरेपर्यंत पुरवायचा असतो.

दुरुस्ती टप्प्याटप्प्याने होते. ओजीजी१ हे एन्झाइम खराब बेस काढून टाकतं, एपीई१ त्या रिकाम्या जागी धागा कापतं, पॉलिमरेज बीटा योग्य बेस भरतं आणि एक्सआरसीसी१ या प्रथिनाच्या आधाराने लायगेज ३ धागा सांधतं. म्हणजे दुरुस्तीच्या मध्यावर डीएनए चक्क तुटलेला असतो. सुरुवातीची एन्झाइम वेगाने चालली आणि पुढची मागे पडली, तर हे तुटके धागे साचतात. ते दिसले की पार्प१ हे एन्झाइम कामाला लागतं आणि पेशीला ऊर्जेसाठी लागणारा एनएडी हा रेणू वापरून टाकतं. ते फार काळ चालू राहिलं की पेशी मरते. एएजी हे अशाच पहिल्या टप्प्याचं एन्झाइम. ते जास्त असलेल्या उंदरांना अल्किलेटिंग (डीएनएचे बेस बिघडवणारं) रसायन दिलं तेव्हा लहान मेंदूतल्या पेशी मेल्या. ज्यांच्यात पार्प१ नव्हतं ते बचावले. माणसातही एक्सआरसीसी१चं जनुक बिघडलं की चालताना तोल जाणारा अॅटॅक्सिया होतो.

मग आशा अजिबात नाही का? आहे. एमआयटीमधल्या ली-हुए त्साई यांच्या गटाने २०२० मध्ये दाखवलं की एचडीएसी१ हे एन्झाइम ओजीजी१ला चालना देतं. एक्झिफोन या जुन्या औषधाने एचडीएसी१चं काम वाढवल्यावर उंदरांच्या मेंदूतलं ८-ऑक्सोग्वानिन घटलं, स्मरणशक्तीही सुधारली. पण काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्यामुळे हे औषध पूर्वीच बंद झालं होतं, तेव्हा ते स्वतःहून शोधून घ्यायच्या भानगडीत पडू नका. एनएडी वाढवणाऱ्या गोळ्यांनी माणसाच्या मेंदूचं म्हातारपण थांबतं, हेही सिद्ध झालेलं नाही.

असा एखादा शोधनिबंध वाचाल तेव्हा मोजमाप कसं केलंय ते आधी बघा. फक्त ८-ऑक्सोग्वानिन घटलं एवढं पुरेसं नाही, तुटके धागेही मोजलेले हवेत. अल्कलाइन कॉमेट चाचणी (पेशीतला डीएनए किती तुटलाय ते दाखवणारी) ओजीजी१ घालून आणि न घालता, अशी दोन्ही प्रकारे करावी लागते: न घालता दिसतात ते मुख्यतः तुटके धागे, आणि घातल्यावर जी वाढ होते ती ८-ऑक्सोग्वानिनची. डीएनए वेगळा काढतानाच हवेमुळे, लोहाच्या मदतीने, ग्वानिन ऑक्सिडाइझ होतं, म्हणून डिफेरोक्सामिनसारखा लोह बांधणारा पदार्थ वापरलाय की नाही तेही तपासा. नसेल तर आकडे फुगलेले असू शकतात.